घुमा मुलगा, बोलकी मुलगी आणि पदवीची निवड

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बँकेच्या काउंटरवर दरवर्षी एक प्रश्न येतो. शिष्यवृत्तीचे खाते उघडायला मुलाबरोबर वडील किंवा आई आलेली असते. फॉर्म भरून होतो, अंगठा किंवा सही होते, आणि पासबुक हातात घेता घेता पालक आवाज खाली करून विचारतात, "भाऊ, पोरगं हुशार आहे, पण घुमं आहे. चार माणसांत तोंड उघडत नाही. त्याला कुठं टाकू?" मुलगी असेल तर तक्रार बहुधा उलटी असते. "हिचं तोंड दिवसभर चालू. हिला एखादी बसायची नोकरी लागेल असं काही सांगा, म्हणजे जरा शांत होईल." मूल शेजारीच उभे असते. ते खाली पाहते.

अशा वेळी मागे रांग असते आणि आमच्याजवळ दोन मिनिटे असतात. दोन मिनिटांत दिलेला सल्ला काय लायकीचा असतो हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. ते पुढे सांगू. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आग्रह केला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरवले.

स्वभाव पाहून शिक्षण आणि व्यवसाय निवडावा, हे ऐकायला सोपे वाटते. परंतु आपल्या समाजाच्या बाबतीत ही गोष्ट फार नवी आहे, याची आठवण ठेवली पाहिजे. आपल्या आजा-पणजाला कोणी विचारले नव्हते की तुला लोकांत मिसळायला आवडते की एकट्याने काम करायला आवडते. महारकीच्या वतनात जन्मलेल्या माणसाने सांगावा घेऊन गावोगाव पळायचे, मयताची खबर पोचवायची, सरकारी अंमलदाराची वर्दी द्यायची, चावडीवर हजर राहायचे. तो अबोल असो की बोलका, काम तेच. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. म्हणजे ज्यांच्या घरात आज सत्तरीचे आजोबा आहेत, त्यांच्या जन्माच्या वेळी हे वतन कायद्याने जिवंत होते.

विषय निवडण्याचेही तसेच. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते मिळाले नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. एवढ्या बुद्धीच्या विद्यार्थ्याला कोणता विषय झेपेल, कोणता आवडेल, हा प्रश्नच तिथे नव्हता. जात पाहून उत्तर दिले गेले. म्हणून आज जेव्हा आपला मुलगा "मला हे नको, ते हवे" असे म्हणतो, तेव्हा त्याच्यावर ओरडण्यापूर्वी आपण जरा थांबावे. हे वाक्य बोलता यावे म्हणून तीन पिढ्या गेल्या आहेत.

आता मूळ विषयाकडे येऊ. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आज सर्वांच्या तोंडी असलेले भेद स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी रूढ केले. त्यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली निघाला. सोप्या भाषेत सांगायचे तर ज्याचे मन बाहेरच्या माणसांकडे, घडामोडींकडे ओढ घेते तो बहिर्मुख, आणि ज्याचे मन आतल्या विचारांकडे वळते तो अंतर्मुख. रोजच्या व्यवहारात ओळखायची खूण अशी की लग्नघरातून परत आल्यावर एकाला हुशारी वाटते आणि दुसऱ्याला कधी एकदा दार लावून पडतो असे होते. दोघांनीही लग्नात जेवण सारखेच केलेले असते आणि नातेवाइकांवर प्रेमही सारखेच असते.

बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. आपल्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनचेच उदाहरण घ्या. फलाटावरचा बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. मधोमध रेघ आहे, फोटो काढायला लोक येतात, पण त्या बाकावर बसलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या राज्याचे म्हणून विचारले तर तो हसेल. स्वभावाचे असेच आहे. रेघ आपण समजण्यासाठी आखली आहे, माणूस तिच्या दोन्ही बाजूंना बसतो.

स्वभावभेदाचा हा विचार पश्चिमेकडूनच आला असे मात्र समजू नये. अंगुत्तर निकायात तथागतांनी आपल्या शिष्यांपैकी कोण कशात अग्र आहे ते एकेकाचे नाव घेऊन सांगितले आहे. धम्म समजावून सांगण्यात पुण्ण मंताणिपुत्त, भिक्खुणींमध्ये धम्मदिन्ना. अरण्यात राहणाऱ्यांमध्ये खदिरवनाचे रेवत. विनयाचे नियम बिनचूक सांभाळण्यात उपाली, जे पूर्वी शाक्यांचे न्हावी होते. गृहस्थांमध्येही धम्म सांगण्यात अग्र म्हणून चित्त गृहपतीचे नाव आहे. या यादीत बोलके आहेत तसे अबोलही आहेत. रेवतांना कोणी म्हटले नाही की तुम्ही अरण्य सोडून सभेत चला, म्हणजे सुधाराल.

आणि चूळपंथकाची गोष्ट तर प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. चार महिने प्रयत्न करूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक हा स्वतः विद्वान भिक्खू. त्याने कंटाळून धाकट्याला सांगितले की तू घरी जा, हे तुझे काम नव्हे. जीवकाकडे भिक्खुसंघाला भोजनाचे आमंत्रण होते, त्यातूनही त्याला वगळले. रडत निघालेल्या चूळपंथकाला भगवंतांनी थांबवले आणि हातात एक स्वच्छ कापड देऊन ते हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता पांढरे कापड मळत गेले, आणि गाथेतून जे कळले नव्हते ते त्याला त्या कापडातून कळले. घरातल्या वडीलधाऱ्या, शिकलेल्या, मनाने चांगल्या माणसाचाच अंदाज चुकू शकतो, हा या गोष्टीतला आम्हाला सर्वांत बोचणारा भाग आहे. महापंथक दुष्ट नव्हता. त्याच्याजवळ मोजण्याचे एकच माप होते.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत विशुद्धिमग्ग लिहिला. त्यात राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क अशी सहा चरिते म्हणजे स्वभावप्रकार सांगून कोणत्या स्वभावाला कोणते ध्यान मानवते ते दिले आहे. ही चरिते आणि अंतर्मुख-बहिर्मुख हे भेद एकच नव्हेत, त्यांची ओढूनताणून सांगड घालू नये. पण स्वभाव ओळखावा कसा, याबद्दल तिथे जे लिहिले आहे ते फार मजेचे आहे. माणूस चालतो कसा, जेवतो कसा, इतकेच नव्हे तर अंगण झाडतो कसा ते पाहा. एक जण झाडू नीट धरून, घाई न करता, वाळू न उडवता झाडतो. दुसरा झाडू आवळून धरतो आणि दोन्हीकडे वाळू उडवत खरखर आवाज करतो. तिसऱ्याचा झाडू सैल असतो, कचरा इकडचा तिकडे. म्हणजे प्रश्न विचारून नव्हे, काम करताना पाहून स्वभाव ओळखावा. आणि लगेच पुढे ग्रंथकर्ते हेही सांगतात की हे आचार्यांचे मत आहे, त्यावर पूर्ण विसंबून राहू नये. आजच्या स्वभावचाचण्या विकणाऱ्यांनी हा प्रामाणिकपणा जरूर घ्यावा.

चाचण्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी युंगच्या कल्पनांवरून तयार केलेली चाचणी जगभर चालते. तिच्यात माणसाचे सोळा प्रकार पाडतात. परंतु तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच लोकांचा प्रकार बदलतो, असे संशोधकांना आढळले आहे, आणि नोकरीसाठी माणसे निवडायला ती वापरू नये असे चाचणी काढणारेच सांगतात. आपल्याकडे राज्य शिक्षण मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली आणि ती काही वर्षे चालली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाची आवड कुठे झुकते ते त्यात पाहत असत. उपक्रम चांगला होता. पण आवड म्हणजे स्वभाव नव्हे. गणवेशाची आवड असलेला मुलगा अबोल असू शकतो, आणि पोलीस खात्यात अबोल माणसालाही भरपूर काम असते.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपले मूल गप्प बसते म्हणजे ते अंतर्मुख आहे असे लगेच ठरवू नका. गप्प बसण्याची कारणे निरनिराळी असतात. एक स्वभावाने गप्प. त्याला त्यात सुख असते. दुसरा बुजरा, त्याला बोलायचे असते, पण भीती वाटते. तिसरा भाषेमुळे गप्प. आपल्या भागात मूल घरी अहिराणीत बोलते, गल्लीत मावची आणि गुजराती ऐकते, शाळेत पुस्तकी मराठी, आणि अकरावी सायन्सला गेले की एकदम इंग्रजी. वर्गात त्याची मान खाली असते ती स्वभावामुळे नव्हे, शब्द सापडत नाही म्हणून असते. आणि चौथे कारण आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. आडनाव पुकारल्यावर वर्गात उठलेली कुजबुज, सवलतीवरून मारलेला टोमणा, पाण्याच्या भांड्यावरून कधी झालेला प्रसंग. असे मूल गप्प राहायला शिकते. तो त्याचा स्वभाव नव्हे, ती त्याची ढाल आहे.

फरक ओळखायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. विहारात, मित्रांत, आजीजवळ मूल कसे वागते ते पाहा. चौदा एप्रिलच्या तयारीत जो पताका लावताना दहा जणांना हुकूम सोडतो आणि वर्गात मात्र शेवटच्या बाकावर मुका असतो, तो अंतर्मुख नाही. त्याला अबोल समजून एखाद्या कोपऱ्यातल्या कामाला लावणे म्हणजे ज्यांनी त्याला गप्प केले त्यांचेच काम आपण पुरे करणे होय.

याच्या उलट चूक आम्ही केली. आमचा एक भाचा, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. लहानपणापासून शांत. चार तास एका जागी बसून रेडिओ उघडून पुन्हा जोडील, पण पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर. पदवी झाल्यावर एका खाजगी कंपनीत विक्री प्रतिनिधीची जागा निघाली. तो म्हणाला, "मामा, मला दारोदार बोलायला जमणार नाही." आम्ही म्हणालो, "जमत नाही म्हणूनच जा. चार माणसांत फिरलास की घुमेपणा जाईल." नात्यात आम्ही शिकलेले, बँकेत असलेले, आमच्या शब्दापुढे त्याची आई काय बोलणार? तो गेला. सात महिने राहिला. रोज सकाळी गाडीला किक मारण्यापूर्वी त्याला उलटी व्हायची, हे आम्हाला नंतर कळले. महिन्याचे उद्दिष्ट पुरे होईना म्हणून शेवटी त्याने स्वतःच्या पगारातून माल उचलला होता. परत आला तेव्हा वजन उतरलेले, आणि वर्षभर कोणत्याही अर्जाला हात लावीना. पुढे त्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. आज तो रक्ताचे नमुने तपासतो, त्याच्या अहवालावर डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवतात. घुमेपणा मात्र गेलेला नाही, तो आहे तितकाच आहे. आम्हीच आमचे मत बदलले. त्या दोन वर्षांची भरपाई आम्ही करू शकत नाही, आणि तो कधी बोलूनही दाखवत नाही.

या प्रसंगावरून कोणी असा निष्कर्ष काढील की अंतर्मुखाने विक्रीत जाऊ नये, बहिर्मुखाने जावे. तेही पुरते खरे नाही. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन प्राध्यापकांनी फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० लोकांचा अभ्यास करून २०१३ साली प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री ना अगदी अबोलांची झाली, ना अगदी बोलघेवड्यांची. मधल्या स्वभावाच्या लोकांची झाली. कारण उघड आहे. गिऱ्हाईकाचे ऐकूनही घ्यावे लागते. त्याच्या आधी १९९१ साली बॅरिक आणि माउंट या दोघांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले होते, तेव्हा व्यवस्थापक आणि विक्रेत्यांच्या कामात बहिर्मुखपणाचा उपयोग दिसला खरा, पण जवळजवळ प्रत्येक व्यवसायात उपयोगी पडलेला गुण वेगळाच होता. तो म्हणजे हाती घेतलेले काम वेळेवर आणि नीट पुरे करण्याची सवय. ही अबोलात असते, बोलक्यातही असते, आणि दोघांत नसतेही.

तर मग स्वभावाचा विचार करायचा कुठे? आमचे म्हणणे असे की पदवीच्या नावात स्वभाव शोधू नये, त्या पदवीनंतर दिवसभर जे काम करावे लागते त्यात शोधावा. एकाच पदवीतून अनेक दारे निघतात. कायद्याचे पाहा. वकील म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कोर्टात हात उंचावून बोलणारा माणूस येतो. पण खरेदीखत, वारसाचे कागद, जमिनीचे टायटल तपासणे, अपिलाचा मसुदा करणे, ही सगळी कामे टेबलावर एकट्याने बसून होतात, आणि आमची बँक कर्ज देण्यापूर्वी ज्या वकिलाचा अभिप्राय घेते त्याचा आवाज कोणी कोर्टात ऐकला असेल नसेल, त्याच्या कागदात चूक सापडत नाही. अबोल मुलीला वकिली नको, असे म्हणणाऱ्या पालकांनी तालुका कोर्टात एक दिवस जाऊन बसावे. पदवीनंतर तीन वर्षांचा आणि बारावीनंतर पाच वर्षांचा, असे दोन्ही मार्ग आहेत.

नर्सिंगचे उलटे. मुलगी शांत, सोशीक आहे, नर्स होईल, असे आपण म्हणतो. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला दिवसभर रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, सफाई कामगार अशा सर्वांशी बोलावे लागते, वेळप्रसंगी दरडावावेही लागते. ज्या बोलक्या मुलीला "बसायची नोकरी" शोधून शांत करायचे ठरवलेले असते तिचे इथे सोने होते. आमच्या परिचयातली अशीच एक मुलगी, जिच्या बोलण्याला घरचे कंटाळले होते, समाजकार्याची पदवी घेऊन आज पाड्यांवर आरोग्याच्या कामात आहे. मावची, गुजराती, अहिराणी, मराठी, जो भेटेल त्याच्या भाषेत सुरू. तिला संगणकावर माहिती भरायला बसवले असते तर संगणक बिघडला असता.

शिक्षकी पेशाबद्दल गैरसमज फार आहेत. अबोल माणूस शिक्षक होऊ शकत नाही असे म्हणतात, पण वर्गात बोलणे हे तयारी करून, आपल्या विषयावर, आपल्यापेक्षा लहान मुलांसमोर बोलणे असते. पुष्कळ अबोल माणसांना ते उत्तम जमते. जमत नाही ते शिक्षकांच्या खोलीतले बोलणे, आणि त्याचा पगार नसतो.

बँकेबद्दल मात्र आम्हाला अधिकाराने बोलता येईल. आम्ही कला शाखेचे पदवीधर. बी.ए. केले ते स्वभाव तपासून नव्हे. जवळ तेवढेच परवडत होते. आम्ही मुळात फार बोलके नाही. पहिल्या आठवड्यात काउंटरवर बसलो तेव्हा हातरुमाल भिजायचा. बाजाराच्या दिवशी शे-दीडशे माणसे, कोणाला स्लिप भरून द्यायची, कोणाचा अंगठा घ्यायचा, कोणाची पेन्शन का आली नाही ते समजावून सांगायचे. हळूहळू लक्षात आले की हे बोलणे आम्हाला झेपते, कारण समोर एका वेळी एकच माणूस असतो आणि विषय ठरलेला असतो. संध्याकाळी थकवा येतो, घरी तासभर कोणी काही विचारू नये असे वाटते, एवढेच. पण विम्याच्या पॉलिस्या खपवायचे टार्गेट आले की आमची झोप जाते. त्याच शाखेत आमचे एक सहकारी आहेत, ते चहा पिता पिता चार पॉलिस्या विकतात आणि दिवसाखेरीस हिशेब जुळवताना घामाघूम होतात. त्यांचा फरक आम्ही शोधून देतो, आमचे टार्गेट ते सांभाळतात. बँक एक, हुद्दा एक, पगार जवळपास एक. आणि आमच्या या वाटण्या कोणत्याही नियमावलीत नाहीत.

मुलाखतीच्या भीतीने पुष्कळ अबोल मुले स्पर्धा परीक्षांपासून दूर राहतात, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. बँकेच्या लिपिक भरतीत मुलाखत नाही, केवळ लेखी परीक्षा असते. अधिकारी पदाला मात्र मुलाखत आहे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी आणि लेखी परीक्षेवर निवड होते. तलाठी पदालाही लेखी परीक्षाच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम यादीसाठी धरल्या जाणाऱ्या २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५ आहेत. म्हणजे १७५० गुण कागद-पेन घेऊन एकट्याने मिळवायचे असतात. बोलक्या मुलांनीही हा आकडा दोनदा वाचावा.

निवड चुकली तर बदलता येते का? येते, आणि बदलावीच. पण आपल्या मुलांच्या बाबतीत चुकीची किंमत जास्त असते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमानुसार एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा त्याच टप्प्याचे दुसऱ्या शाखेतले शिक्षण घेतल्यास शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. करायचे ठरवले तर तो खर्च घरचा. सधन घरातला मुलगा दोन वर्षे इकडे तिकडे करून पाहतो आणि त्याला अनुभव म्हणतात. आपल्याकडे तेवढ्यात बापाची उचल वाढलेली असते. म्हणून प्रवेशाच्या आधीचे दोन महिने सोन्याचे समजावेत.

त्या दोन महिन्यांत काय करावे? मुलाला त्या कामाच्या जागी नेऊन बसवावे. फार्मसीचा विचार असेल तर ओळखीच्या औषध दुकानात आठवडाभर, शिक्षकीचा असेल तर विहारातल्या अभ्यासिकेत लहान मुलांना शिकवायला, शेतीशास्त्राचा असेल तर कृषी सेवा केंद्रात. संध्याकाळी मूल घरी आले की "काय शिकलास?" असे विचारू नका. ते थकून आले की खुलून आले ते पाहा. झाडू कसा धरतो ते पाहण्यासारखेच हे आहे. आपल्या समाजात आता प्रत्येक खात्यात एखाद-दुसरा माणूस आहे. त्यांनी वर्षातून चार दिवस आपल्या शेजारी एक स्टूल टाकून दिले तरी पुष्कळ होईल. आम्ही आमच्यापासून सुरुवात करायला तयार आहोत. काउंटरच्या आत कोणाला बसवता येत नाही, पण बाहेर स्लिपा भरून द्यायला मदतनीस नेहमीच हवा असतो, आणि दोन तासांत मुलाला आपण कोण आहोत ते बरेच समजते.

एक शंका मनात येईल. बाबासाहेब अंतर्मुख होते की बहिर्मुख? लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस एकट्याने वाचत बसणारे, राजगृह बांधताना पुस्तकांची जागा आधी पाहणारे बाबासाहेब. आणि महाडला १९२७ साली हजारोंच्या पुढे चालणारे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा देणारेही तेच. १९१८ साली सिडनेहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवू लागले, तेव्हा पुढे दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांचे तास ऐकायला येऊ लागले. त्या तासांमागे ग्रंथालयातला एकांत होता. आम्ही त्यांना कोणत्याही कप्प्यात बसवणार नाही. ब्रायन लिटल या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे मांडले आहे की ज्या कामावर माणसाचा जीव असतो त्यासाठी तो आपल्या स्वभावाच्या बाहेर जाऊनही वागू शकतो. मात्र नंतर त्याला आपल्या मूळ जागी परतून विसावा घ्यावा लागतो. आमच्या भाच्याला विक्रीचे काम जमले नाही, पण गेल्या वर्षी रक्तदान शिबिरात त्याने दिवसभर अनोळखी माणसांना समजावून खुर्चीत बसवले. ते काम त्याचे होते. दुसऱ्या दिवशी रजा काढून तो झोपला.

हा लेख लिहीत असतानाच एक गृहस्थ काउंटरवर आले. मुलगी बारावी झालेली, ऐंशी टक्के. "भाऊ, हिला डी.एड. करू की नर्सिंग?" आम्ही विचारले, "तिला काय वाटतं?" ते थोडे गोंधळले. मागे वळून तिच्याकडे पाहिले. ती पासबुकाच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवत होती. "हिला काय कळतंय अजून," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "बरं, विचारतो." रांग दारापर्यंत गेली होती, म्हणून आम्ही पुढच्या माणसाची स्लिप घेतली. खिडकीतून दिसत होते. ती दोघे पिंपळाखाली उभी होती आणि मुलगी बोलत होती.